दुःखावर दुःख : पौलाच्या वाटेने सात दिवस

पहिला दिवस : कावाला

माझ्या फोनमध्ये रोज संध्याकाळी सात वाजता गजर होतो. ह्यांच्या गोळीचा. हे गेले त्याला येत्या डिसेंबरात दोन वर्षं होतील, पण तो गजर काढून टाकायला माझा हात धजावलेला नाही. आजही तो वाजला, कावालाच्या बंदरावर, सामान अजून खांद्यावर असताना. ताईंनी वळून पाहिलं, काही बोलल्या नाहीत. मी बंद केला आणि आम्ही चालायला लागलो.

ताई म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात, तीस वर्षं संडे स्कूल घेतलेली. ही सहल त्यांनी ठरवलेली नाही आणि मीही नाही. ती ह्यांनी ठरवली होती. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसून त्यांनी पौलाची, म्हणजे येशूची सुवार्ता गावोगाव नेणाऱ्या प्रेषिताची, पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. त्यांच्या पवित्र शास्त्राच्या शेवटी नकाशे आहेत. त्यातल्या पौलाच्या दुसऱ्या प्रवासाच्या लाल रेघेवरून ते पेन्सिल फिरवायचे. किडनी मिळाली, तब्येत सुधारली, की ह्या रेघेवरून जाऊन यायचं, असं आमचं ठरलं होतं. किडनी मिळाली नाही. ताई मागच्या वर्षी म्हणाल्या, "रेघ तर आहे ना गं? आपण जाऊ या."

थेस्सलोनिकीला विमानातून उतरलो आणि तिथून बसने कावालाला आलो, दीडशे किलोमीटरच्या आसपास. शास्त्रातलं नियापुली ते हेच. पलीकडच्या, आजच्या तुर्कस्तानातल्या त्रोवसात रात्री पौलाला दृष्टान्त झाला. मासेदोनियाचा एक माणूस उभा राहून विनवतोय, इकडे या आणि आम्हाला मदत करा. पौल जहाजात बसला आणि ह्या किनाऱ्यावर उतरला. ही गोष्ट साधारण इसवी सन ४९-५० मधली. बंदराजवळ संत निकोलसाचं चर्च आहे, त्याच्या शेजारी मोझेकमध्ये हा प्रसंग रंगवलाय. पौल होडीतून पाय बाहेर टाकतोय. ताई बराच वेळ त्या पायाकडे बघत होत्या. "मदत करायला बोलावलं, आणि आल्या आल्या काय वाट्याला आलं बघ," एवढंच म्हणाल्या. उद्या तिथेच जायचंय.

दुसरा दिवस : फिलिप्पै

कावालापासून फिलिप्पै पंधरा किलोमीटर. सकाळी लवकर निघालो. आधी नदीवर गेलो, क्रेनिदेस गावाजवळ. अरुंद प्रवाह, स्वच्छ पाणी, दोन्ही काठांना झाडं. शब्बाथ, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या, दिवशी गावाबाहेर नदीकाठी काही स्त्रिया प्रार्थनेला जमायच्या. पौल त्यांच्यात जाऊन बसला आणि थुवतीरा गावची, जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया हिने त्याचं ऐकलं. युरोपात गेलेल्या सुवार्तेला घर मिळालं ते एका व्यापारी बाईचं, हे मला फार आवडतं. ताईंनी पाण्यात हात बुडवून कपाळाला लावला.

मग अवशेष. मॅसेडोनचा राजा दुसरा फिलिप ह्याने इसवी सनपूर्व ३५६ मध्ये ह्या नगराला स्वतःचं नाव दिलं. सीझरच्या मारेकऱ्यांशी झालेली मोठी लढाई इसवी सनपूर्व ४२ मध्ये इथल्याच मैदानात झाली, आणि पुढे इथे रोमन सैनिकांची वसाहत बसली. २०१६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. एग्नातिया ह्या रोमन महामार्गाच्या फरश्या अजून जागेवर आहेत आणि त्यांवर रथांच्या चाकांनी पडलेल्या चरा स्पष्ट दिसतात. ताईंना ऊन सोसेना म्हणून आम्ही एका पडक्या भिंतीच्या सावलीत बसलो आणि त्यांनी प्रेषितांची कृत्यं, अध्याय सोळा, मोठ्याने वाचायला घेतला.

गुलाम मुलीच्या अंगातलं भूत पौलाने काढलं. ती भविष्य सांगायची, त्यावर तिच्या धन्यांची कमाई होती. कमाई बुडाली, म्हणून त्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला ह्यांना चौकात ओढत नेलं. कपडे फाडले, छड्यांनी झोडपलं, आतल्या कोठडीत टाकलं आणि पाय खोड्यात अडकवले. (त्या मुलीचं पुढे काय झालं ते शास्त्र सांगत नाही. मला दर वेळी ते खटकतं. लुदियाने तिला घरात घेतलं असेल, असं मी मनाशी धरून चालते.)

चौकाच्या वरच्या बाजूला, जुन्या बॅसिलिकेजवळ, दगडी खोलीसारखी एक जागा आहे. तिला पौलाचा तुरुंग म्हणतात. अभ्यासकांच्या मते ती मुळात रोमन काळातली पाण्याची टाकी. मी हे आधी वाचलं होतं, तरी तिथे उभी राहिल्यावर मन खट्टू झालंच. एवढ्या लांब आलो आणि जागा खरी नाही. ताई कठड्याला टेकून आत वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "टाकी असो नाहीतर तुरुंग. पाठीवरचे वळ तर खरे होते ना?"

मध्यरात्री पौल आणि सीला प्रार्थना करत होते, गीतं गात होते. पुढच्याच शब्दांवर ताई थांबल्या : आणि बंदिवान ऐकत होते.

मी एकदम तिथून बाजूला झाले. मला डायलिसिसची ती खोली आठवली. ह्यांना गाता येत नसे, सूर कधी लागायचा नाही, पण सुई टोचून झाल्यावर ते हळू आवाजात एक जुनं गीत गुणगुणायचे. तेवढंच एक, तेही पहिली दोन कडवी. पलीकडच्या खुर्चीत एक गृहस्थ असायचे, आमच्या धर्माचे नव्हेत. एके दिवशी ह्यांना थंडी भरली होती म्हणून हे गप्प पडून होते. तर ते गृहस्थ म्हणाले, "आज तुमचं ते नाही का?" आणि ह्यांनी दात वाजत असताना ते गुणगुणलं. मशीनचा आवाज, आणि तो बेसूर आवाज. त्या माणसाने डोळे मिटून घेतले होते.

आज इतक्या दिवसांनी कळलं की तो मला आठवत राहिलेला क्षण ह्या अध्यायात आधीच लिहून ठेवलेला होता. गाणाऱ्याचे पाय खोड्यातच होते. भूकंप नंतर झाला. गीत आधी होतं, सुटका व्हायच्या आधी, ती होईल की नाही हे ठाऊक नसताना. आणि दारं उघडल्यावरही ते दोघे पळाले नाहीत. तुरुंगाचा नायक तलवार उपसून स्वतःचा जीव घेणार होता, त्याला पौल ओरडून म्हणाला, स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री त्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या. ज्या हातांनी खोडे अडकवले, त्याच हातांनी.

ह्यांच्या दफनविधीनंतर मी उपासनेत गायलेले नाही. उभी राहते, पुस्तक उघडते, तोंड बंद ठेवते. शेजारच्या बाया समजून घेतात. आज ताईंनी अवशेषांमध्ये उभं राहून एक गीत म्हणून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मला नाही जमलं.

रात्री खोलीवर फिलिप्पैकरांस पत्र वाचलं. ते पौलाने पुढे कैदेतूनच लिहिलं, ह्याच गावच्या मंडळीला, म्हणजे इथल्या ख्रिस्ती लोकांना. आनंद करा, आनंद करा, असं त्यात सारखं येतं, आणि खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं त्यामुळेच मी ते टाळत होते. आज दुसऱ्या अध्यायाच्या शेवटाशी अडकले. फिलिप्पैकरांनी आपल्यातल्या एपफ्रदीत नावाच्या माणसाला मदत देऊन पौलाकडे धाडलं होतं. तो तिथे मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला, मग बरा झाला. पौल लिहितो की देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं.

दुःखावर दुःख. पौल असं म्हणतो! सदैव आनंद करा म्हणणारा माणूस कबूल करतो की मित्र गेला असता तर मी कोसळलो असतो. त्याचा मित्र वाचला, माझा माणूस वाचला नाही. हे अंतर उरतंच, ते कुठलंही वचन भरून काढत नाही. पण त्या ओळीपुढे मी आज पहिल्यांदा पेन्सिलीने खूण केली, ह्यांच्या खुणांच्या शेजारी.

तिसरा दिवस : थेस्सलोनिकी

सकाळच्या बसने परत थेस्सलोनिकी. शास्त्रातलं थेस्सलनीका. कॅसँडरने इसवी सनपूर्व ३१५ च्या सुमारास वसवलं आणि आपल्या बायकोचं, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचं, नाव दिलं. फिलिप्पैतून निघालेला पौल पाठीवरच्या जखमा घेऊनच इथे आला. तीन शब्बाथ ज्यूंच्या सभास्थानात बोलला, मग दंगल झाली, ज्याच्याकडे तो उतरला होता त्या यासोनाला घरातून ओढून नेलं आणि विश्वासी भावांनी पौलाला रातोरात गावाबाहेर काढलं. प्रेषितांची कृत्यं लिहिणारा लूक इथल्या अधिकाऱ्यांना "पोलितार्क" म्हणतो. हा शब्द इतर ग्रंथांत सापडेना, म्हणून लूक चुकला असावा असं पूर्वी म्हणत. मग इथल्या वार्दार वेशीवरच्या शिलालेखात तोच शब्द मिळाला. वेस १८७६ मध्ये पाडली गेली, शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ताईंना अशा गोष्टी फार भावतात.

दुपारी समुद्राजवळच्या एलेफ्थेरियास चौकात गेलो. नावाचा अर्थ स्वातंत्र्य चौक. तिथे एक काशाचं स्मारक आहे : सात फाट्यांची ज्यूंची दीपमाळ, पण तिच्या ज्वाळांमध्ये माणसांची शरीरं गुंफलेली. जुलै १९४२ मध्ये ह्याच चौकात जर्मनांनी हजारो ज्यू पुरुषांना भर उन्हात उभं करून छळलं. १९४३ मध्ये मार्च ते ऑगस्ट गाड्या भरभरून ४५ हजारांहून अधिक ज्यू इथून आउशविट्झला नेले, बहुतेकांना तिथे पोचताच मारलं. पौल ज्या समाजातून आला, ज्यांच्या सभास्थानात तो आधी जाऊन बसला, ते हे लोक. आणि हे घडलं तो युरोप स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारा.

मी तिथे प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द सुचेनात, आणि सुचले नाहीत ते बरं झालं असं वाटतं. ह्या चौकात उभं राहून कुणी मला आशेबद्दल झटपट काही सांगितलं असतं तर मी ते मानलं नसतं. जी आशा ह्या स्मारकापुढे मान खाली घालून उभी राहू शकत नाही, ती ख्रिस्ताची नव्हे. वधस्तंभावरच्या ज्यू माणसाने स्वतः विचारलं होतं, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तेवढा एक प्रश्न तिथे चालला असता.

संध्याकाळी धक्क्यावर बसलो. ताईंनी थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र काढलं. नव्या करारातलं बहुधा सर्वांत जुनं लिखाण हेच, इसवी सन ५०-५१ च्या सुमाराचं. ह्या गावातून हाकलला गेल्यावर काही महिन्यांतच पौलाने ते लिहिलं. मधल्या काळात मंडळीतले काही लोक वारले होते, आणि उरलेले घाबरले होते. प्रभू परत येईल तेव्हा आमच्या मेलेल्यांचं काय?

चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन. मला ते पाठ आहे, कारण ह्यांच्या दफनविधीत तेच वाचलं होतं. आणि कबरस्तानातून परतताना ताईंनी माझा खांदा घट्ट धरून सांगितलं होतं, "रडू नकोस. शास्त्र काय सांगतं? आपण रडायचं नाही. तो प्रभूजवळ आहे." मी रडले नाही. त्या दिवशी नाही, वर्षश्राद्धासारखी आम्ही घरी प्रार्थना ठेवली त्या दिवशीही नाही. लोक म्हणाले, काय विश्वास आहे! मला आतून दगड झाल्यासारखं वाटत होतं.

आज ताईंनी तेच वचन वाचलं. एकदा, मग परत, बोट ठेवून, लहान मुलांना शिकवायच्या तसं शब्द सुटे करत. ज्यांना आशा नाही. अशा बाकीच्यांसारखा. खेद करू नये. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"खेद करू नये असं नाही म्हटलेलं गं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांसारखा करू नये, असं म्हटलंय. मी तीस वर्षं हे शिकवलं आणि तुला अर्धंच सांगितलं."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही तरी कुठे रडलात?"

"मी रडले असते तर तुला कुणी धरलं असतं?"

लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, हे त्यांना आठवलं नसेल का? पुढच्या पाच मिनिटांत त्याला उठवणार होता, तरी रडला. आठवलं असणारच. पण त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, आणि एखाद्याला धरायला उभं राहताना माणूस अर्धंच वचन हाताशी घेतो. सात वाजता गजर झाला. आम्ही दोघी तिथेच बसून रडलो, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, लाज न बाळगता. ताईंचं रडणं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या अगदी ह्यांच्यासारखा हुंदका देतात, श्वास आत ओढून.

त्याच अध्यायाचा शेवट आहे : ह्या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. एकमेकांचं म्हटलंय. एकट्याने करायचं काम नाही ते.

चौथा दिवस : बिरुया

आजचं वेरिया, थेस्सलोनिकीपासून सत्तरएक किलोमीटर. पौलाचं व्यासपीठ म्हणून पायऱ्या आणि मोझेकचं एक स्मारक आहे. बिरुयाचे लोक पौल सांगतो ते तसंच आहे का हे रोज शास्त्र उघडून तपासत. कालच्या संध्याकाळनंतर ताईंना हे वाचून हसू आलं, भरल्या डोळ्यांनी. "बघ, मी बिरुयाची नव्हते," म्हणाल्या.

थकवा होता. दुपारी झोपलो.

पाचवा दिवस : अथेनै

सगळा दिवस बसमध्ये, जवळपास पाचशे किलोमीटर. उतरल्यावर उजेड होता तेवढ्यात अरीयपगाच्या खडकापाशी गेलो. शतकानुशतकांच्या पावलांनी तो खडक गुळगुळीत झालाय, ताईंना वर चढू दिलं नाही. पायथ्याशी काशाच्या फलकावर पौलाचं भाषण ग्रीकमध्ये कोरलंय. वर पर्यटकांची सूर्यास्ताची गर्दी होती.

त्या भाषणावर पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या मनात मात्र दुसरंच होतं. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो, तुमच्या काळजीने मला राहवेना, म्हणून मी अथेनैत एकटा मागे राहायचं पत्करलं आणि माझा सोबती तीमथ्य ह्याला तुमच्याकडे धाडलं. एकटा. एवढ्या मोठ्या शहरात, मूर्तींनी भरलेल्या, ओळखीचं कुणी नाही. माणसं असून एकटं असणं काय ते मला ठाऊक आहे. घरी परतल्यावर कुलूप उघडायचं आणि दिवा आपणच लावायचा. पौलाला ते ठाऊक होतं, ह्याने आज मला मोठा धीर आला.

सहावा दिवस : करिंथ

अथेनैपासून करिंथ ऐंशी किलोमीटर. वाटेत कालव्यावरच्या पुलावर थांबलो. सहा किलोमीटरहून थोडा लांब, १८९३ मध्ये खुला झाला. दोन्ही बाजूंना खडकाच्या सरळ भिंती, खाली निळ्या पाण्याची फीत. इथे कालवा खणायला पहिली सुरुवात रोमन सम्राट नीरोने केली होती, आणि त्या कामावर सहा हजार ज्यू कैदी जुंपले होते.

प्राचीन करिंथात अपोलोच्या देवळाचे सात खांब उभे आहेत, मागे अक्रोकरिंथचा डोंगर. रोमनांनी इसवी सनपूर्व १४६ मध्ये हे शहर उद्ध्वस्त केलं, शंभर वर्षांनी ज्युलियस सीझरने पुन्हा वसवलं. पौल इथे आला तो, त्याच्याच शब्दांत, अशक्त, भीत भीत, थरथर कापत. सम्राट क्लौद्याने रोममधून हाकललेलं एक ज्यू जोडपं, अक्विला आणि प्रिस्किल्ला, तंबू शिवायचं काम करत होतं. पौलाचा धंदा तोच, म्हणून त्यांच्याकडेच राहिला. दीड वर्ष. रात्री प्रभूने त्याला सांगितलं, भिऊ नकोस, बोलत राहा, गप्प बसू नकोस. जो भ्यायलेला असतो त्यालाच कुणी भिऊ नकोस म्हणतं.

चौकात दगडी न्यायासन आहे, बेमा. इथे गल्लियो ह्या सुभेदारापुढे पौलाला उभं केलं गेलं. दल्फीत मिळालेल्या शिलालेखामुळे गल्लियोचा काळ इसवी सन ५१-५२ च्या आसपासचा ठरतो, आणि पौलाच्या आयुष्यातल्या तारखा लावायला तोच एक भक्कम खुंटा आहे. बेमाजवळ संगमरवरी पाटीवर करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं एक वचन ग्रीक आणि इंग्रजीत कोरलंय. चौथा अध्याय, सतरावं वचन. आमचं हलकं, क्षणभराचं संकट आमच्यासाठी गौरवाचा अतोनात, सार्वकालिक भार तयार करतं, अशा अर्थाचं.

हलकं! मला राग आला. तिथेच, उन्हात. तीन वर्षांत साडेचारशे वेळा सुया, मांडीतले गोळे, पाण्याचा घोट मोजून प्यायचा. हे हलकं?

ताईंनी सावली शोधली, बसल्या आणि म्हणाल्या, "पत्र पहिल्यापासून वाच." तेच केलं. पहिल्याच अध्यायात पौल लिहितो की आसियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, आमच्यावर एवढा भार पडला की जगण्याचीसुद्धा आशा आम्ही सोडली. पुढे सातव्यात, मासेदोनियात आलो तेव्हा बाहेर भांडणं, आत भीती, आणि देवाने सांत्वन केलं ते सोबती तीताला पाठवून. अकराव्यात यादी आहे : पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं, एक रात्र-दिवस समुद्रात. म्हणजे "हलकं" म्हणणारा माणूस तोच आहे ज्याने चार पानं आधी जगण्याची आशा सोडली होती.

मग तो काय तोलतोय? भार हा शब्द मी घोळवत बसले, आणि मला वजनकाटा आठवला. डायलिसिसच्या आधी वजन करतात, नंतर वजन करतात. अंगात साठलेलं पाणी किती काढायचं ते त्यावर ठरतं. हे दर वेळी काट्यावर उभं राहायचे, चपला काढून, एक हात माझ्या खांद्यावर न ठेवता, कारण टेकलं की आकडा चुकतो. शेवटच्या महिन्यांत त्यांना उभं राहवत नसे, तरी ते दोन सेकंद आधार सोडायचे. मी पुढे हात धरून उभी असायचे, न शिवता.

पौलाच्या काट्याच्या एका पारड्यात हे सगळं आहे. हे वजन काहीच नाही असं तो म्हणत नाही. त्याने ते पाठीवर वाहिलंय. दुसऱ्या पारड्यात जे ठेवलंय ते इतकं जड आहे की हे वर उचललं जातं, एवढंच त्याचं म्हणणं. ते दुसरं पारडं मला अजून दिसत नाही. पण हा माणूस खोटं बोलत नाही, एवढी आज खात्री पटली.

संग्रहालयात मातीचे अवयव आहेत. वैद्यकदेव अस्क्लेपियसच्या देवळात लोक वाहायचे ते : पंजे, पावलं, कान, स्तन, खऱ्या मापाएवढे. ख्रिस्ताच्या आधीच्या शतकांतले. कुणाचा तरी गुडघा, कुणाच्या तरी मुलाचा हात. एका पावलाची बोटं कुंभाराने इतकी काळजीने वळवली होती की मी काचेपासून हलेना. बरं कर, एवढंच ती सगळी म्हणत होती. मीही तेच म्हटलं होतं, उपास करून, रात्र रात्र. पौलाने आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, असं उत्तर मिळालं. हे उत्तर मला दोन वर्षं नकारासारखं वाटत आलंय. आज त्या मातीच्या पावलासमोर पहिल्यांदा वाटलं की त्यात "तुला" असा शब्द आहे. कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं.

सातवा दिवस : किंख्रिया

करिंथाचं पूर्वेकडचं बंदर, दहाएक किलोमीटरवर. आता नुसता एक शांत उपसागर. जुन्या धक्क्याचे आणि चर्चचे दगड अर्धे पाण्यात आहेत, भूकंपांनी जमीन खचलीय. पाणी इतकं नितळ की बुडालेल्या भिंती वरून स्पष्ट दिसतात.

इथल्या मंडळीची सेविका फिबी. पौलाने रोमकरांस पत्र बहुधा करिंथात, इसवी सन ५७ च्या सुमारास लिहिलं, आणि सोळाव्या अध्यायात तो फिबीची शिफारस करतो त्यावरून ते पत्र तिनेच रोमला नेलं असं मानतात. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, हे त्यातच आहे. जे दिसतं त्याची आशा कोण धरील, हेही त्यातच. आणि प्रार्थना कशी करावी ते आम्हाला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आमच्यासाठी कण्हतो, हेही. हे सगळं एका बाईच्या सामानात, गुंडाळीत बांधलेलं, समुद्रावरून गेलं. ताई म्हणाल्या, "लाटेने भिजू नये म्हणून तिने ते कुठे ठेवलं असेल गं?"

ह्यांची पेन्सिलीची रेघ इथवरच होती. पुढे नकाशावर छापील लाल रेघ जाते, समुद्रातून इफिसाकडे, पण पेन्सिल किंख्रियाला थांबलीय. बहुधा त्या दिवशी चार तास संपले असतील.

आम्ही चपला काढून दगडांवर बसलो, पाय पाण्यात. ताईंच्या गुडघ्यांना थंडावा बरा वाटत होता. सूर्य डोंगरामागे गेला. थोड्या अंतरावर एक म्हातारा जाळं आवरत होता.

सातला गजर झाला. मी फोन काढला. ताई म्हणाल्या, "राहू दे. वाजू दे पूर्ण."

तो वाजून वाजून आपोआप थांबला. मग ताईंनी तेच गीत गुणगुणायला घेतलं, ह्यांचं, भावाइतक्याच बेसूर. जाळं आवरणारा हात थांबला. दुसऱ्या ओळीला मी आवाज लावला. तो मध्येच फुटला, ताईंनी ती ओळ पुरी केली, आणि तिसरीसाठी माझी वाट पाहत थांबल्या.